घाऊक हसू

सकाळी सात वाजता गल्लीच्या तोंडाशी एक निळी बस येऊन उभी राहायची. तिच्यावर नाव नाही, पाटी नाही. तिच्यात सगळ्यांत आधी चढायच्या त्या मावशी. बेताची उंची, गोल चेहरा, मोठं कपाळ आणि पाणीदार डोळे. वय एकोणसाठ. हातातल्या कापडी पिशवीत लोकरीची शाल, पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जादा जोड. तो पांढरा नाही, काळा नाही आणि बारीक चौकटीचा तर मुळीच नाही, कारण बारीक चौकटी कॅमेऱ्यासमोर थरथरताना दिसतात. सतरा वर्षांत हा नियम मावशींना दुसऱ्यांदा सांगावा लागला नव्हता.

मावशींचं काम सांगायला सोपं होतं आणि समजायला जरा अवघड. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागतो, त्यात समोर बसलेले प्रेक्षक मधूनमधून दिसतात. त्यांच्यातल्या पहिल्या रांगेतल्या डावीकडून तिसऱ्या, त्या मावशी. या बसण्याची त्यांना रोजंदारी मिळायची. कुणी विचारलं तर त्या नुसतं "कार्यक्रमाला जाते" एवढंच सांगत, आणि ते खोटंही नव्हतं.

कार्यक्रम व्हायचा शहराबाहेरच्या एका जुन्या शीतगृहात. बाहेरून इमारत अजूनही बटाट्यांच्या पोत्यांची वाट बघत असल्यासारखी दिसायची. आत मात्र दिव्यांची चळत, चकचकीत रंगमंच आणि त्याच्यासमोर प्लायवूडच्या सात पायऱ्या. पायऱ्यांवर लाल कापड ठोकलेलं होतं. खाली सगळं पोकळ, त्यामुळे दीडशे माणसं एकदम उठली की ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा. गारठा इतका, की मावशी शाल मांडीखाली दाबून बसत आणि कॅमेरा दुसरीकडे वळला की पाय तेवढे तिच्यात गुंडाळून घेत.

पहिले दोन तास गाणाऱ्यांचा पत्ताच नसायचा. रंगमंच रिकामा असायचा, फार तर एखादा माणूस केर काढत असायचा. त्या दोन तासांत प्रेक्षकांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपून ठेवले जात. हे काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे पन्नाशीचा, कायम घसा बसलेला, मनाने वाईट नसलेला माणूस. तो हातात आकड्यांचे पुठ्ठे घेऊन समोर उभा राहायचा. एक म्हणजे ओठांतलं हसू. दोन म्हणजे मान मागे टाकून, शेजारणीच्या गुडघ्यावर थाप मारून हसणं. तीन म्हणजे आश्चर्य. चार म्हणजे डोळ्यांत पाणी. पाच म्हणजे उभं राहून टाळ्या. कपडे बदलायचे आणि पुन्हा एकपासून सुरू. असा महिन्याभराचा साठा दोन सकाळींत तयार व्हायचा आणि मग जिथे लागेल तिथे तो वापरला जायचा. तिथली माणसं त्याला 'घाऊक' म्हणत. "आज घाऊक किती झालं?" असं कॅमेरावाले चहा पिताना एकमेकांना विचारत.

दोन नंबर कुणालाही जमायचा. चार नंबर जमायचा तो मावशींना. सुरुवातीला त्या आईला आठवायच्या. आई गेली तेव्हा त्या वेळेवर पोहोचल्या नव्हत्या. पोहोचल्या तेव्हा खाटेशेजारी पाण्याचा भरलेला पेला तसाच झाकून ठेवलेला होता. तो पेला डोळ्यांसमोर आणला की पाणी यायचं. आईचं मरण त्यांना तीन वर्षं पुरलं. मग एका सकाळी मास्तरांनी चारचा पुठ्ठा धरला, पेला समोर आला, पण तो नुसता पेलाच होता. मावशी मनातून घाबरल्या. त्यांनी जन्मून नऊ दिवसांत गेलेलं आपलं पहिलं मूल आठवलं. ते दीड वर्ष पुरलं. त्यानंतर काही आठवावंच लागेनासं झालं. पुठ्ठा दिसला की डोळे भरत, "बास" म्हटलं की कोरडे होत.

"मावशी म्हणजे नळ आहे नळ," मास्तर म्हणत. "माझ्या घरच्या नळाचा इतका भरवसा नाही."

सगळे हसत, मावशीही हसत. घरी आईच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या की मात्र त्यांना काहीच होत नसे. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

मावशींचे यजमान, म्हणजे गल्लीचे काका, घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. थट्टेखोर माणूस. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणायचे, "आता रडू नकोस, नाहीतर मीठ बरोबर होईल." मुलगा नोकरीसाठी समुद्रापलीकडे निघाला, त्या सकाळी दारात मावशींचे डोळे भरून आले. काका म्हणाले, "अगं, मास्तर कुठे दिसत नाहीत इथे!" मुलगा हसला, मावशीही हसल्या आणि आलेलं पाणी तिथल्या तिथे थांबलं. काकांनी ते टोचून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःचा हुंदका आवरायचा होता.

गल्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये असाच नियम होता, तशा कागदावर सही घेतलेली होती. गल्ली दर शनिवारी बघायची ते एवढंच, की कुणा परक्याचं पोर आपली कर्मकहाणी सांगतं आहे आणि आपल्या मावशींचे डोळे वाहताहेत. "त्यांना दुसऱ्याचं दुःख बघवतच नाही," असं लोक म्हणत. त्यामुळे घरात काही झालं की बायका मावशींकडे येत. कुणाचा नवरा हात उचलायचा, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलेलं. मावशी ऐकून घेत, डोळे भरत, बायका हलक्या होऊन घरी जात. हळूहळू गल्ली रडायलाही मावशींसारखी लागली. हनुवटी जरा वर, बोटाच्या टोकाने डोळ्याचा कोपरा टिपायचा, तोंडावर हात न्यायचा नाही. तोंड झाकलं की चेहरा कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून ही शिकवण मास्तरांनी दिलेली. बायकांना वाटायचं, सभ्य माणसाचं रडणं असंच असतं.

मावशींच्या भिंतीला भिंत लागून शिवणबाईंचं घर. त्या घरी कपडे शिवायच्या, म्हणून हे नाव पडलेलं. दोघींची मैत्री तीस वर्षांची. एकमेकींच्या घरी जाताना दार वाजवायची पद्धत नव्हती. दोन वर्षांपूर्वी शिवणबाईंचे यजमान कामावर असतानाच कोसळले आणि गेले. सगळ्यांत आधी धावल्या त्या मावशी. उंबऱ्यात पाऊल ठेवताच त्यांचे डोळे वाहू लागले. शिवणबाईंना स्वतःला दोन दिवस रडू फुटलं नव्हतं. पुढे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "माझ्या वाट्याचं रडली ती ही."

शिवणबाईंना दोन मुली. थोरली लग्न होऊन गेलेली. धाकटी एकोणीस वर्षांची, एका औषधाच्या दुकानात कामाला. सगळे तिला धाकटीच म्हणत. ती गायची. शिकलेली नव्हती, पण आवाज स्वच्छ होता. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना ती गायला लागली की समोरच्या घरातला वर्तमानपत्र वाचणारा म्हातारा पान उलटायचा थांबे. गल्लीला तिच्या गाण्याचं कौतुक होतं, आणि ते कौतुक कुणी शिकवलेलं नव्हतं.

स्पर्धेचा अर्ज तिला आणून दिला तो मावशींनीच. अर्जात नाव, वय, पत्ता, गाण्यांची यादी, आणि शेवटी अर्धं पान मोकळं. वर छापलेलं, 'तुमची गोष्ट.' धाकटीने तिथे लिहिलं, 'विशेष काही नाही.'

मावशींनी ते वाचलं आणि मान हलवली. "असं नाही चालत गं. बाबांचं लिही."

"बाबांचं काय लिहू? गाण्याशी त्याचा काय संबंध?"

"संबंध असतो. गाणं सगळ्यांचंच बरं असतं. पुढे जातात ते गोष्टवाले."

"मग लिही की गं," शिवणबाई मशीनवरून म्हणाल्या. "मावशी रोज बघते तिथलं. तिला नाही कळणार तर कुणाला?"

धाकटीने थोडा वेळ पेन चावलं. मग वडिलांचं लिहिलं. कार्यक्रमात गायला तिची निवड झाली.

ओळखीचं कुणी गाणार असेल त्या दिवशी प्रेक्षकांत बसायची मनाई होती. मावशी कुणाला न सांगता घरीच राहिल्या, आणि दिव्यांच्या झोतात धाकटीला समोरचे चेहरे दिसलेच नाहीत. धाकटी संध्याकाळी परतली. "नाही जमलं," एवढंच म्हणाली. पण चार दिवसांनी तिकडून फोन आला, की या शनिवारचा भाग सहकुटुंब नक्की बघा. सगळ्यांनी त्याचा चांगलाच अर्थ काढला. एवढं मुद्दाम कळवतात म्हणजे पोरगी पुढच्या फेरीत गेली असणार.

शनिवारी आठ वाजता मावशींच्या पुढच्या खोलीत अकरा माणसं दाटीवाटीने बसली होती. टीव्ही मोठा होता तो त्यांच्याकडेच. शिवणबाई पुढे सतरंजीवर, धाकटी दाराला टेकून. काका पंख्याखाली उभे राहून सगळ्यांना दटावत होते, "शांत बसा, नाहीतर एकेकाला उभं करीन."

पडद्यावर धाकटी आली. एका परीक्षकाने हळुवारपणे वडिलांचं विचारलं. ती दोन वाक्यं बोलली. पेटीचे सूर सुरू झाले, तिने पहिली ओळ नीट म्हटली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज एकदम फाटला, वर गेला आणि पिचकला. लगेच कुणीतरी मागे रबरी बदक दाबल्यासारखा आवाज घातलेला होता. आणि मग पडदाभर मावशी. हिरव्या कपड्यांतल्या, मान मागे टाकून, शेजारणीच्या गुडघ्यावर थाप मारून खळखळून हसणाऱ्या. पुन्हा धाकटीचा फाटका आवाज. पुन्हा बदक. पुन्हा मावशी, या वेळी सावकाश गतीने.

आणि खोलीतली माणसं हसली. ती वाईट माणसं नव्हती. त्यांतल्या निम्म्यांनी त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं. मावशी हसताहेत म्हणजे हसायचंच आहे, असं त्यांचं तोंड डोक्याच्या आधी समजून गेलं. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि हसू तुटत तुटत थांबलं. शेवटी एकट्या टीव्हीचाच आवाज राहिला.

शिवणबाई उठल्या. त्यांनी मावशींकडे पाहिलंही नाही. "चल गं," धाकटीला म्हणाल्या आणि दोघी निघून गेल्या. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे कडी लागल्याचा आवाज आला. तीस वर्षांत मावशींनी तो ऐकला नव्हता.

पुढचे तीन आठवडे मावशींना कुणी दूषणं दिली असती तर बरं झालं असतं. झालं ते वेगळंच. तो तुकडा फोनाफोनांवर फिरला. दुकानात पोरं म्हणू लागली, "मावशी, एकदा तसं हसून दाखवा ना!" एका शेजारणीने कौतुकाने सांगितलं, की तिच्या माहेरीसुद्धा सगळ्यांनी तो चार चार वेळा पाहिला. धाकटी औषधाच्या दुकानात उभी राहिली की कुणीतरी बाहेरून बदकाचा आवाज काढायचं. तिने काम सोडलं. गच्चीवर कपडे काढायला आता शिवणबाई स्वतः येत, गुडघे दुखत असूनही.

चौथ्या आठवड्यात मावशींनी शीतगृहात मास्तरांना गाठलं.

"तो तुकडा काढून टाका."

"मावशी, तो आता माझ्या बापाच्यानेही निघायचा नाही. जगभर गेला."

"पण मी तिच्यावर हसलेच नव्हते, मास्तर. मी इथे नव्हतेसुद्धा."

"मला ठाऊक आहे." मास्तर बसक्या आवाजात समजुतीने बोलले. "असं बघा. पोरीचा आवाज फाटला, तेव्हा घरी बसलेल्या माणसाला कळत नाही, हळहळायचं की हसायचं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं. तुमचा चेहरा ते सांगतो. त्या दिवशी आधीच्या तीन जणांचं रडणं झालं होतं, म्हणून हिला हसण्यात घातली. उलटंही झालं असतं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही."

 सतरा वर्षं मावशींना वाटत आलं होतं, की आपण नुसत्या बसतो.

"आणि हो," मास्तर पुढे झुकले, "वरच्यांच्या कानावर गेलंय की तुम्ही शेजारी. त्यांना कल्पना फार आवडलीय. पोरीला परत आणू. तिची आई येईल, तुम्ही याल. तुम्ही रंगमंचावर जाऊन माफी मागायची, आईने मिठी मारायची. पोरगी गाईल. सगळी गल्ली तिला डोक्यावर घेईल, बघा तुम्ही. फक्त घाऊकाबद्दल एक अक्षर बाहेर जाता कामा नये. सही आहे तुमची."

घरी येऊन मावशींनी काकांना सांगितलं. काका या वेळी थट्टा करायचं विसरले. "जा की मग," ते म्हणाले. "एकदा रडा दोघी आणि मिटवून टाका. पोरीचं तरी भलं होईल."

"आणि ती म्हणाली, हसलीस का, तर?"

"म्हणावं, चुकले."

"पण मी हसले नव्हते हो."

"मग तसं सांग."

"तसं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल."

काकांना ते कळलं. हसू खोटं म्हणायचं तर रडूही त्याच पुठ्ठ्यावरचं, हे कबूल करावं लागणार. मग सतरा वर्षं गल्लीने ज्या डोळ्यांवर विश्वास टाकला, त्यांचं काय राहणार? काका चष्मा पुसत राहिले. "तुला काय करायचंय ते कर," ते म्हणाले. "मी इथे आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मावशींनी शिवणबाईंचं दार वाजवलं. दार उघडलं. शिवणबाई परत मशीनवर जाऊन बसल्या.

"बोलायचंय."

"बोल. माझे हात चालू राहतील."

मावशी कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी खाली बसल्या. "धाकटी गायली त्या दिवशी मी तिथे नव्हते. घरीच होते. ओळखीचं कुणी असलं की बसू देत नाहीत."

"मग काय तुझी जुळी बहीण हसत होती?"

"हसू माझंच. पण ते तिच्या गाण्याच्याही महिनाभर आधीचं." आणि मावशींनी सांगायला सुरुवात केली. पुठ्ठे, आकडे, कपड्यांचे जोड, सकाळचे दोन तास, सगळं. सांगताना त्या भिंतीकडे बघत होत्या. मध्येच मशीन थांबलं.

"म्हणजे हसायला समोर काही नव्हतंच?"

"एक माणूस केर काढत होता."

"आणि रडणं?"

"तेही तसंच."

"सतरा वर्षं?"

"सतरा वर्षं."

शिवणबाईंनी सुईखालचं कापड सोडवलं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "तो आंधळा मुलगा गायला होता. मी तुझ्याकडे बघून इतकी रडले होते, की रात्री जेवण गेलं नाही."

"तो मुलगा मी समोर कधी पाहिलाच नाही. टीव्हीवर पाहिला, तुझ्याबरोबरच."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. शिवणबाई आता थेट मावशींकडे बघत होत्या. "आणि हे गेले तेव्हा? या उंबऱ्यात उभी राहून रडलीस, ते कुठल्या दिवसाचं होतं?"

'ते खरं होतं' हे शब्द मावशींच्या अगदी ओठांवर आले. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर शिवणबाईंनी ते मानलंही असतं. त्यांना मानायचंच होतं. पण मावशींना तो दिवस आठवला. त्या आत आल्या तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायकांनी एकदम मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि डोळे भरले ते त्या क्षणी. त्या माणसासाठी भरले, की त्या वळलेल्या माना बघून?

"मला सांगता येत नाही," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षांत मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आत्ता विचारतेय, तर सांगता येत नाही."

 शिवणबाईंचा चेहरा मावशींना वाचता येईना. तीस वर्षांत ही वेळ पहिल्यांदाच आली होती.

आतल्या खोलीचा पडदा हलला. धाकटी दारात येऊन उभी राहिली. वाळली होती. "मावशी, माझा आवाज का फाटला माहितेय?"

"बाबांची आठवण आली म्हणून," शिवणबाई म्हणाल्या.

"नाही. ते म्हणाले, गाताना बाबांना डोळ्यांसमोर आण. मी आणायला गेले आणि बाबा येईचनात. त्यांचा चेहराच येईना. मी घाबरले. तेवढ्यात ती ओळ आली." तिने चौकटीवरचा पोपडा नखाने खरवडला. "अजून नीट येत नाहीत. तू म्हणालीस, बाबांचं लिही. मी लिहिलं."

हसण्याचा आळ मावशींवर खोटा आला होता. हा मात्र खरा होता. त्या उठल्या नाहीत, जवळ गेल्या नाहीत, हात पुढे केला नाही. बसल्या जागेवरून त्यांनी आईची गोष्ट सांगितली. पाण्याचा झाकलेला पेला, तो तीन वर्षं कसा पुरला, आणि एका सकाळी नुसता पेलाच कसा उरला. आजवर जी गोष्ट त्यांनी काकांनाही सांगितली नव्हती, ती त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सांगितली. "माझी आई मी तिथे संपवली," त्या म्हणाल्या. "हे माहीत असून मी तुला तो कागद भरायला लावला. ती चूक माझी. त्या हसण्याचं काय व्हायचं ते होवो."

"तुझी आई परत आली?" धाकटीने विचारलं.

"नाही अजून. पण मी तरी तिला तिथून कुठे बाहेर काढली?" मावशी दोघींकडे वळल्या. "ते तुला परत बोलावताहेत. मी माफी मागायची, तुझ्या आईने मला मिठी मारायची, मग तू गायचं. लोक डोक्यावर घेतील म्हणतात. निर्णय तुम्ही घ्या. मी मध्ये बोलणार नाही."

"म्हणजे आपण दोघींनी रंगमंचावर गळ्यात पडायचं?" शिवणबाई म्हणाल्या.

"हो. तुलाही चार नंबर."

"मला नाही बाई जमायचं. मला ऐन वेळेला शिंक येईल."

धाकटीच्या नाकातून फस्सकन हसू निसटलं. तिचं तिलाच ते अनोळखी वाटलं असावं. तिने लगेच तोंड वळवलं. "मी जाणार नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "गाणं असलं तर इथेच असेल. नसलं तर नसेल."

"मीही उद्यापासून जात नाही," मावशी म्हणाल्या. "बस येईल, हॉर्न वाजवेल आणि जाईल."

"गल्लीला काय सांगशील?"

"विचारतील त्याला हेच सांगेन."

"मग तुझ्याकडे मन मोकळं करायला कुणी यायचं नाही."

"ठाऊक आहे."

हे म्हणताना मावशींचे डोळे भरून आले. कशाने, ते त्यांना कळलं नाही, आणि कळायला हवं असंही या वेळी वाटलं नाही. शिवणबाईंनी ते पाहिलं. समजूत घातली नाही, विचारलंही नाही. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा सदरा ओढून मावशींच्या मांडीवर टाकला आणि बटणांची वाटी त्यांच्याकडे सरकवली. "सहा सदरे आहेत. उद्या द्यायचेत. बटणं लाव."

मावशींनी सुई उचलली. पाण्यामुळे भोक दिसेना, दोरा सारखा बाजूने जाऊ लागला. शिवणबाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. थोडा वेळ ते बघून धाकटी पुढे आली, तिने मावशींच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई परत देऊन आत निघून गेली.